सायकलची चेन काढणे-जोडणे : पंच-हातोडी, लॉक की क्विक लिंक?

तापीकाठ

मंडळी, चोपड्याहून लिहितोय. गियरची सायकल आहे, पुढे ३ आणि मागे ७. पावसाळाभर पडवीत उभी होती, चेनवर गंज चढला. काही कड्या इतक्या आखडल्या आहेत की पायडल उलटं फिरवलं की मागच्या गियरपाशी टकटक उडी मारतात. काढून रॉकेलमध्ये धुवायची, की सरळ नवी टाकायची, ते ठरत नाहीये.

चेन कुठून उघडायची हाच मुळात प्रश्न. साध्या सायकलला लॉक (उघडता येणारी वेगळी कडी) असतो, इथे सगळ्या कड्या सारख्याच दिसतात. आमच्याकडचे मिस्त्री हाताचे पक्के आहेत, चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, नुसत्या नजरेने काढतात. पण त्यांचं गिऱ्हाईक बहुतेक दूधवाल्यांच्या काळ्या सायकली. ते म्हणाले, "पंचने पिन ठोकून काढतो, धुवून आणा, परत ठोकून देतो." गियरवाल्या चेनला हे चालतं का? दिवाळीनंतर मित्रांबरोबर तोरणमाळ करायचं आहे. सातपायरी घाटात चेन तुटली तर सायकल हातात धरून चढावं लागेल.

फ्रीव्हील

तापीकाठ, काढायच्या आधी मोजा. फूटपट्टी घ्या, शक्यतो स्टीलची. चेन सायकलवर असतानाच खालची किंवा वरची बाजू ताणून धरा. एका पिनच्या बरोब्बर मध्यावर शून्य ठेवा. पिनपासून पिनपर्यंतचं अंतर अर्धा इंच असतं, म्हणजे १२ इंचाची खूण पुन्हा एका पिनच्या मध्यावर यायला हवी. पिन खुणेच्या पुढे साधारण १/१६ इंच, म्हणजे दीड मिलिमीटरच्या आसपास सरकली असेल तर नवी चेन टाका, धुण्यात वेळ घालवू नका. १/८ इंच सरकली असेल तर मागचं फ्रीव्हीलही (मागच्या चाकावरच्या दातेरी चक्रांचा संच) बहुधा खाल्लं गेलंय. त्यावर नवी चेन टाकली की जोर लावला रे लावला की दातावरून घसरते.

खूण जागेवर आली तर चेन धुवून वापरता येईल. वरवरचा गंज निघतो. आखडलेल्या कड्या मोकळ्या होतात की नाही ते धुतल्यावर कळेल.

भरीत-पुरी

वाचतोय. माझीही तीच गत आहे.

भुसावळ जंक्शन

पंच-हातोडीला एवढं घाबरायचं कारण नाही. आमच्या भुसावळात रेल्वेतल्या लोकांच्या सायकली आयुष्यभर याच पद्धतीने चालल्या. खाली एक जाड नट ठेवायचा, पिन नटाच्या भोकावर आणायची, वरून पंच आणि दोन टोले. पिन पूर्ण बाहेर काढायची नाही, पलीकडच्या पट्टीत अडकलेली ठेवायची. परत बसवताना उलटीकडून ठोकायची. ज्याचा हात बसलाय त्याला पाच मिनिटांचं काम. मिस्त्री हाताचे चांगले आहेत असं तुम्हीच लिहिलंय, मग त्यांच्यावर भरोसा ठेवा की.

फ्रीव्हील

आबा, साध्या सायकलच्या चेनबद्दल तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. पण पुड्यावर काय छापलंय ते बघा. साध्या सायकलची चेन १/२ × १/८, गियरवाली १/२ × ३/३२. पहिला आकडा पिन ते पिन, तो दोन्हीकडे सारखा. दुसरा आतली रुंदी. गियरची चेन अरुंद, तिच्या पट्ट्या पातळ, आणि पिन बाहेरच्या पट्टीच्या पुढे जेमतेम येते. बऱ्याच चेनमध्ये पिनचं टोक कारखान्यातच दाबून किंचित पसरवलेलं असतं. ती पिन बाहेर ढकलली की पसरलेलं टोक पट्टीच्या भोकातून खरवडत जातं आणि भोक मोठं होतं. परत ठोकली तरी पकड पहिल्यासारखी राहत नाही. वर टोला थोडा तिरपा बसला तर पट्टी वाकते ती वेगळीच.

शिवाय साध्या सायकलची चेन एका सरळ रेषेत धावते. गियरची चेन मोठ्यावरून छोट्यावर जाताना आडवी पिळली जाते, गियर बदलताना डिरेलर, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग, तिला बाजूने ढकलतो. सैल पिनवरून बाहेरची पट्टी निसटायला तेवढं पुरतं. ती निसटते कुठे? चढावर, पायडलवर उभं राहिल्यावर. पाय एकदम रिकामा खाली जातो आणि माणूस दांडीवर आदळतो. तोरणमाळ राहू द्या, लळिंगच्या चढावरही हे नको.

भुसावळ जंक्शन

हे पटलं. गियरच्या सायकलीचा मला अनुभव नाही, मी काळ्या सायकलीचंच सांगत होतो. तिच्यासाठी मात्र माझा पंच मी सोडणार नाही.

पांझराकाठ

मी धुळ्याचा. गियरच्या सायकलला चेन कटर आणि क्विक लिंक एवढं घेऊन टाका, मिस्त्रींची वाट बघायला नको. कटर म्हणजे छोटा शिकंजाच, मूठ फिरवली की त्याची सुई पिनला समोरून ढकलते. ठोकाठोकी नाही, तिरपं जाण्याचा प्रश्न नाही. क्विक लिंक म्हणजे दोन सुट्या पट्ट्या, प्रत्येकीला एकेक पिन आणि एकेक लांबट भोक. एकमेकींत अडकवून ताणल्या की बसतात.

एकच लक्षात ठेवा, लिंक गियरच्या संख्येप्रमाणे घ्यायची. इथे मागची दातेरी चक्रं मोजायची, पुढच्या तीनशी गुणायचं नाही. दुकानात "२१ गियरची लिंक द्या" म्हणाल तर दुकानदार नुसता बघत राहील. तुमची ७ ची. ९, १०, ११ च्या चेन बाहेरून आणखी अरुंद होत जातात, त्यांची लिंक तुम्हाला बसणार नाही.

तापीकाठ

मोजली. शाळेच्या कंपासपेटीतली पट्टी होती, पण पिन खुणेच्या पुढे सरकलीये हे सरळ दिसतंय, जवळजवळ दोन मिलिमीटर. म्हणजे नवीच चेन. कटर आणि लिंक मागवतो. कोणी पायरीपायरीने सांगेल का? नवी चेन किती लांब ठेवायची हेही सांगा. जुनीला समांतर ठेवून कापली तर चालेल ना?

फ्रीव्हील

समांतर ठेवून टोक जुळवू नका. जुनी चेन झिजून लांब झालेली आहे. चेनमध्ये साधारण ११६ तुकडे असतात, अर्ध्या इंचाचा एक, म्हणजे ५८ इंच. एक टक्का झीज धरली तर ती अर्ध्या इंचाहून जास्त वाढलेली असते, म्हणजे एक अख्खा तुकडा. टोकाला टोक लावून कापलं की हिशोब चुकतो. तुकडे मोजा. जुनी कोणी आधी चुकीची कापलेली नाही याची खात्री असेल तर तेवढेच नवीत ठेवा.

खात्री नसेल तर दुसरी रीत. चेन पुढच्या सगळ्यात मोठ्या चक्रावर आणि मागच्या सगळ्यात मोठ्या चक्रावर घाला, पण मागच्या डिरेलरमधून ओवू नका, थेट गुंडाळा. दोन्ही टोकं जिथे भेटतात त्याच्या पुढे आणखी दोन तुकडे ठेवा, एक आतला आणि एक बाहेरचा. तिथे कापा.

आता काढणं. चेन पुढच्या सगळ्यात छोट्या चक्रावरून काढून आत, दांडीच्या बाजूला सोडा, म्हणजे ताण जातो. कटरमध्ये चेन ठेवायच्या दोन खाचा असतात. तोडताना मुठीपासून लांबची खाच वापरायची. जवळची खाच आखडलेली कडी मोकळी करायला असते. लोक जवळच्या खाचेत ठेवून जोर लावतात आणि खाचेचे दात मोडतात. सुई पिनच्या बरोबर मध्यावर टेकली की नाही ते डोळा लावून बघा, मगच मूठ फिरवा. सुरुवातीला जोर लागतो, मग कट्ट करून पिन हलते आणि पुढे मूठ सहज फिरते. त्या पहिल्या कट्टच्या आधी सुई तिरपी वाटली तर थांबा, परत लावा. जुनी चेन तशीही टाकायची आहे, तिची पिन पूर्ण बाहेर पडली तरी बिघडत नाही. हात बसवायला तीच कामाला येईल, दोन-चार ठिकाणी तोडून बघा.

नवी चेन कापताना क्विक लिंक लावणार असाल तर दोन्ही टोकांना आतल्या, म्हणजे अरुंद पट्ट्या राहायला हव्यात. लिंक स्वतःच बाहेरची पट्टी असते. पिननेच जोडणार असाल तर एका टोकाला आतली आणि दुसऱ्याला बाहेरची.

पांझराकाठ

ओवण्याबद्दल फ्रीव्हीलदादांनी लिहिलं नाही म्हणून लिहितो. जोडायच्या आधी मागच्या डिरेलरकडे नीट बघा. दोन लहान चाकं असतात, चेन त्यांतून वळसा घेऊन जाते. त्या दोन चाकांच्या मध्ये पट्टीला आतून एक बारीक पत्र्याची जीभ असते. चेन तिच्या आतल्या बाजूने जायला हवी. बाहेरून गेली तर चेन जोडली जाते, गियरही पडतात, फक्त खरखर आवाज येत राहतो आणि माणूस आवाज शोधत बसतो. काढायला परत लिंक उघडा. त्यापेक्षा जोडायच्या आधी चेन हाताने पुढे-मागे ओढून ऐका.

दोन टोकं धरायला तिसरा हात लागतो. जुन्या आऱ्याचा बोटभर तुकडा घ्या, दोन्ही टोकं आकड्यासारखी वाकवा आणि चेनच्या दोन्ही बाजूंना अडकवा. मधली चेन सैल राहते, निवांत जोडा.

लिंक बसवली की पायडल फिरवून ती वरच्या बाजूला आणा, मागचा ब्रेक दाबून धरा आणि पायडलवर पाय देऊन जोर द्या. टक्क असा आवाज येतो आणि दोन्ही पिना भोकाच्या अरुंद टोकाला जाऊन बसतात. आवाज आला नाही तर नुसतं बघून समाधान मानू नका.

काळी माती

छान माहिती मिळतेय. मी शिक्षिका आहे, पारोळा तालुक्यात. आमच्या शाळेतल्या बऱ्याच मुली सायकलने येतात, काहींना सरकारी योजनेतून मिळालेल्या आहेत. लेडीज सायकल, चेनवर पूर्ण कव्हर. चेन उतरते, आत अडकते आणि मुली रस्त्यातच बसून राहतात. एक-दोघींच्या वडिलांनी कव्हरच काढून टाकलं. मग ओढणी चेनमध्ये जाते, ते आणखी धोक्याचं. कव्हर न काढता चेन काढून परत घालता येते का?

भुसावळ जंक्शन

ताई, येते. कव्हर काढू नकाच, तुमचं म्हणणं अगदी बरोबर. हे माझ्या पंचाच्या राज्यातलं काम आहे, पण इथे पंचही लागत नाही.

या सायकलींच्या चेनला लॉक असतो. बाहेरची एक पट्टी, तिला दोन पिना, दुसरी पट्टी सुटी आणि वरून माशाच्या आकाराची पातळ स्प्रिंगची पट्टी. तोच लॉक. कव्हरचा मागचा तुकडा एक-दोन स्क्रूवर असतो, तो काढला की मागचं फ्रीव्हील उघडं पडतं. पायडल फिरवून लॉक तिथे आणा. पक्कडीचा एक जबडा लॉकच्या उघड्या टोकांवर, दुसरा पिनवर, आणि दाबा. लॉक सरकतो. सरकतो म्हणजे उडतो, म्हणून आधीच वरून फडकं टाकून ठेवा. काळ्या मातीत पडलेला लॉक परत सापडत नाही, नवा आणावा लागतो.

खुबी पुढे आहे. जुनी चेन बाहेर ओढून काढू नका. नव्या चेनचं टोक त्याच लॉकने जुन्या चेनच्या टोकाला जोडा आणि पायडल फिरवा. जुनी बाहेर येते, तिच्या मागे नवी कव्हरच्या आतून आपोआप ओवली जाते. मग जुनी सोडवून नवीची दोन टोकं जोडा. धुवायला काढायची असेल तर जुन्या चेनऐवजी सुतळी बांधा, सुतळी आत ठेवा, परत घालताना तिनेच ओढा. जोडताना दोन्ही टोकं फ्रीव्हीलच्या दातांवर बसवा, दातच चेन धरून ठेवतात.

लॉकचं बंद गोल तोंड चेन धावते त्या दिशेला. म्हणजे लॉक वरच्या बाजूला असताना बंद तोंड हँडलकडे. आणि लॉक बाहेरून, चाकाच्या बाजूने नाही.

गिरणाकाठ

आमच्याकडे पाचोऱ्याला एक मिस्त्री नेहमी उलटा लावतात, उघडं तोंड पुढे. काही होत नाही. हे दिशेचं प्रकरण उगाच आहे.

भुसावळ जंक्शन

काही होत नाही तोपर्यंत काही होत नाही. लॉक निघतो तो नेहमी बंद तोंडाच्या दिशेने सरकून. धावत्या चेनवर कव्हरची कड, कापसाची पऱ्हाटी, गवताची काडी, काहीही समोरून लागतं. बंद तोंड पुढे असेल तर तो धक्का लॉकला आणखी आत बसवतो. उघडं तोंड पुढे असेल तर तोच धक्का लॉक काढायला मदत करतो. पक्कडीने आपण जे करतो तेच.

गिरणाकाठ

हं. असा विचार केला नव्हता.

पांझराकाठ

कोणी हा लॉक गियरच्या चेनला लावायचा विचार करत असेल तर नको. तो बाहेर जाड उभा राहतो, शेजारच्या दातांना आणि डिरेलरला घासतो.

आवळ्याचं झाड

मनी सायकलनी चेन रोज उतरस भो. काय करानं? काळी सायकल शे, दूध लई जास.

फ्रीव्हील

भो, मांगलं चाक मांगे वढ. बाकी मराठीत लिहितो, सगळ्यांना कामाला येईल. मागच्या चाकाचे दोन्ही नट ढिले करा, चाक मागे ओढा, सरळ आहे ना बघा, नट आवळा. चेन मध्यावर बोटाने वर-खाली केली की साधारण अर्धा इंच हलायला हवी. पायडल पूर्ण एक फेरा फिरवत चार ठिकाणी तपासा, कारण पुढचं चक्र थोडं वाकडं असलं की एका जागी ताठ आणि दुसऱ्या जागी ढिली लागते. सगळ्यात ताठ जागी तरी थोडी हलली पाहिजे, नाहीतर पायडल जड जातं आणि बेअरिंग खातं.

चाक खाचेच्या टोकापर्यंत मागे गेलं असेल तर चेन झिजलीये. एक कडी कापता येते, पण कापायची म्हणजे एक आतली आणि एक बाहेरची मिळून एक इंच. तेवढी कापून चेन अपुरी पडत असेल तर बाजारात हाफ लिंक मिळते, एका बाजूने रुंद आणि दुसऱ्या बाजूने अरुंद. कड्या कापत बसण्यापेक्षा मी नवी चेन टाकेन. दुधाचे कॅन लावून रोज फिरायचं तर कापलेल्या चेनवर जीव टांगू नका.

भरीत-पुरी

तेलाचं कोणी बोलेना. मी जळालेलं इंजिन ऑइल लावतो, फुकट मिळतं.

पांझराकाठ

फुकट मिळतं कारण त्यात इंजिनाची काजळी आणि धातूची बारीक भुकटी असते. तीच तुम्ही पिनमध्ये भरताय. नव्या चेनला ते नको.

काळी माती

आमच्याकडे खोबरेल लावतात. हिवाळ्यात सकाळी चेन पांढरी पडलेली असते, थिजतं ते. आणि खायचं तेल चिकट होऊन त्यावर धूळ बसते.

फ्रीव्हील

सायकलच्या चेनचं तेल मिळत असेल तर तेच. नाहीतर शिलाई मशीनचं तेल चालेल, पातळ असल्यामुळे लवकर उडतं, वरचेवर लावावं लागतं. गिअरबॉक्सचं ९० नंबर अजिबात नको. आपल्याकडे मार्च ते जून जी धूळ असते, ती त्यावर गंधासारखी बसते.

लावायची रीत तेलापेक्षा महत्त्वाची. एकेका रोलरवर (पट्ट्यांच्या मधल्या गोल नळीवर) एकेक थेंब, आतल्या बाजूने. पायडल थोडा वेळ उलटं फिरवा, तासभर राहू द्या. मग कोरड्या फडक्याने बाहेरून जेवढं निघेल तेवढं पुसून काढा. तेल आत, पिनवर हवं. बाहेर राहिलेलं फक्त धूळ गोळा करतं. लोक पुसत नाहीत, काळं चकचकीत दिसलं की खूश होतात.

आणि चेन "ताणली" असं सगळे म्हणतात, पण पट्ट्या लांब होत नाहीत. पिन आणि तिच्याभोवतीचा भाग झिजतो, प्रत्येक सांध्यात केसाएवढं अंतर वाढतं. शंभरावर सांधे, त्यांची बेरीज आपल्याला पट्टीवर दिसते. म्हणून धूळ आत जाऊ न देणं हाच चेन टिकवायचा उपाय. ही रोलर चेन हान्स रेनॉल्ड याने मँचेस्टरला १८८० साली काढली, तेव्हापासून रचना बहुतांशी तीच आहे आणि झिजायची पद्धतही तीच.

तापीकाठ

कळवायचं राहिलं. चेन बसवली. मिस्त्रींच्याच दुकानात बसून केलं, त्यांना कटर बघायचा होता. पिन मुठीवर निघताना बघून म्हणाले, "याला पंच कशाला मग." जुनी चेन तोडून बघायला त्यांनीच ठेवून घेतली. टक्क आवाज आला.

एक अडचण. मागच्या सगळ्यात छोट्या चक्रावर जोर लावला की चेन घसरते. बाकी सहा गियर ठीक.

फ्रीव्हील

त्या चक्रावर तुम्ही जास्त चालवलंय, ते झिजलंय. छोट्या चक्राला दात कमी, म्हणून एकेका दातावर भार जास्त येतो. काही दिवस तो गियर टाळा. घसरणं थांबलं नाही तर फ्रीव्हील बदला, ते महाग नाही, पण काढायला त्याचा खास पाना लागतो. मिस्त्रींकडे असेल. घाटात तुम्ही त्या चक्रावर असणारच नाही, त्यामुळे तोरणमाळला अडणार नाही. उतारावर पायडल मारू नका म्हणजे झालं.

पांझराकाठ

जाताना कटर आणि एक जादा क्विक लिंक सीटखालच्या पिशवीत टाका. जुन्या चेनचे दोन-तीन तुकडेही ठेवा, तीन तुकड्यांचा सलग पट्टा असेल तर मध्ये जोडायला येतो. लिंक हाताने उघडत नाही. जुनी गियर वायर लिंकच्या दोन्ही बाजूंच्या रोलरमधून वळसा घालून ओढली की पिना जवळ येतात आणि लिंक सुटते. बुटाची नाडीही चालते, मळते एवढंच.

भरीत-पुरी

८ ची लिंक ७ ला चालेल का? इथे जळगावात मला फक्त ८ ची मिळतेय.

पांझराकाठ

पुड्यावर ६-७-८ असं छापलंय का बघा, बहुतेक वेळा असतं. असेल तर बिनधास्त घ्या. आणि ७-८ ची लिंक परत उघडून वापरता येते. १० च्या पुढच्या चेनच्या बऱ्याच लिंक एकदाच वापरायच्या असतात, त्यांच्या पुड्यावर तसं लिहिलेलं असतं.